काकांच्या हाताला कारण विचारलं तेव्हा

मन म्हणजे शेवटी गणितच, असं मला कॉलेजात इतकं पटलं होतं की प्रोजेक्टसाठी मी थेट माझ्या काकांनाच पकडलं! काका हापूस हातात घेतात आणि क्षणात ठरवतात, आज पेटीत भरायचा की अजून आढीत पिकायला ठेवायचा. मला फक्त त्यांचे नियम लिहून कॉम्प्युटरला द्यायचे होते.

"काका, प्रत्येक आंब्याचं कारण सांगा हां!"

"रंग... वजन... देठाकडचा खड्डा," काका सांगत गेले, मी धडाधड टाइप करत गेले. विसाव्या आंब्याला त्यांचा हात थांबला. आंबा पेटीत ठेवला, काढला, परत ठेवला. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

"बाय, तू विचारायला लागलीस नि मलाच कळेनासं झालं," काका वैतागले. "तिकडे तोंड करून बस बघू!"

मी पाठ फिरवली. थोड्या वेळाने पेंढ्यात आंबे ठेवल्याचा आवाज पुन्हा भराभर यायला लागला. म्हणजे गणित आत चालूच होतं ना? पण ते काकांनाच दिसत नसेल, तर मी लिहू काय? लॅपटॉप मांडीवर उघडा होता आणि मला एक मिनिट स्वस्थ बसवत नव्हतं.