साडूंचा तारपा

वाद्याला तोंड न लावता त्याचा अख्खा पावसाळाभर रियाज करणारा माणूस जव्हारमध्ये एकच निघेल, आणि ते माझे थोरले साडू आहेत. मूळचे पोशेऱ्याचे, नोकरी जव्हारच्या सरकारी कचेरीत. शाळेत गुरुजींनी जन्मतारीख एक जून लावल्यामुळे ते मेअखेरीस निवृत्त झाले आणि लगेच तारपा शिकायला गावी गेले. तारपा वाजवणारे पोशेऱ्यात त्यांचे चुलतेच तेवढे उरले होते आणि त्यांचा दम आता पुरत नव्हता. यंदाच्या नाचाच्या फेराला पोरांनी स्पीकर सांगून ठेवला होता. साडूंना ते मंजूर नव्हतं. पण कचेरीत आयुष्य काढून ते एक गोष्ट विसरले होते. पेरणी आली की तारपा माळ्यावर जातो आणि नवं भात घरात आल्यावरच खाली उतरतो. "आता नाय फुंकायचा," चुलते म्हणाले. "नोकरीभर रजा खाल्ल्यास, आन आलास कधी, तर पेरणीला! जा, आधी दम शिक."

तारप्याचा सूर तुटू द्यायचा नसतो. गालात साठवलेला वारा सोडता सोडता नाकाने नवा श्वास घ्यायचा. चालींची बोटं चुलत्यांनी काठीवरच बसवून घेतली, आणि दमासाठी पेल्यातल्या पाण्यात नळी घालून बुडबुडे चालू ठेवायला सांगितलं. साडूंनी ही सूचना सर्व द्रवपदार्थांना लागू केली. ताक, आमटीचं पाणी, हॉटेलातला चहा, काहीही सुटलं नाही. "अहो, पिताय की उकळताय?" असं त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या ताईंनी, चारचौघांत विचारलं. मोखाड्याच्या एसटीत त्यांचे फुगलेले गाल पाहून कंडक्टरने कोणत्या बाजूची दाढ दुखते म्हणून चौकशी केली. साडूंनी दोन्ही बाजूंना बोट दाखवलं. बोलले असते तर वारा गेला असता.

नवं भात आलं. पहिल्या संध्याकाळी मी पोशेऱ्यात होतो. भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य साडूंनी पोटाशी धरलं, आणि बायकापुरुषांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून त्यांच्याभोवती फेर धरला. स्पीकर बाजूला जोडून तयार होता. सूर लागला, फेर फिरू लागला आणि मध्येच साडूंचा दम तुटला. तारपा थांबला की पाय थांबतात. सगळा फेर एकेक पाय उचलून उभा राहिला.

"दादा, पाय खाली ठेवू का उद्या येऊ?" एक बाई ओरडली. हशा झाला. एक पोरगा स्पीकरकडे सरकला.

"ऱ्हाऊ दे रं," चुलते ओट्यावरून म्हणाले. "घेल तो दम."

साडूंनी पुन्हा फुंकलं. सूर हेलकावला, पण तुटला नाही. फेर पूर्ण वळसा घालून आला. तेव्हा चुलते उठले, काठी भिंतीला लावली आणि दोन बायकांच्या मध्ये शिरले. त्यांना नाचताना गावाने कधी पाहिलं नव्हतं, असं ताईंनी मला हळूच सांगितलं. जाणते झाल्यापासून तेच वाजवत आले होते, आणि वाजवणाऱ्याला फेरात जागा नसते. पावलं त्यांना सगळी ठाऊक होती, पाय मात्र जरा मागे राहत होते.

तारप्याची चाल बदलली की फेराचं पाऊल बदलतं. साडूंना तीन चाली येत होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी एकच वाजवली. चुलत्यांचं पाऊल नुकतं कुठे बसलं होतं.