दाराच्या मापाचा सदरा

शिरूरच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा सगळे रडत होते आणि आबा माझ्या बाहीकडे बघत होते. आबा म्हणजे माझे आजोबा, आमच्या निमोणे गावचे टेलर. विमानात घालायला त्यांनीच शिवलेला पंजाबी ड्रेस माझ्या अंगावर होता, आतून पासपोर्टचा चोरखिसा. मी पाया पडले, तर म्हणाले, "उजवी बाही अर्धं बोट लांब झाली." आशीर्वाद नाही, जपून राहा नाही. त्यांना माझं वाईट वाटत होतं की बाहीचं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही कळलेलं नाही.

त्याला नऊ वर्षं झाली. मी आयर्लंडमध्ये नर्स आहे. शिफ्ट, रेंट, पाळणाघर, हीटिंगचं बिल यांत दिवस जातो. सुट्टीला गावी गेले की म्हणते, घरी आले. परतीचं विमान इथं उतरलं की नवऱ्याला फोन करून तेच म्हणते, घरी आले. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांचं असंच होतं का? आणि तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला आमचं हे बोलणं ऐकून हसू येतं की राग येतो? मला विचारायचं असतं, पण फोनवर आपण पाऊसपाण्याच्या पुढं जात नाही.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. आबांनीही आधी लोकर कातरायची कात्री धरली, मग दौंडला एका म्हाताऱ्या टेलरच्या हाताखाली कापडाची. पुढं निमोण्यात आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत त्यांनी मशीन मांडली. लहान पोरांना त्यांनी आयुष्यात कधी टेप लावली नाही. टेप लावली की पोरगं वाढायचं तेवढ्यावरच थांबतं, ही त्यांची ठाम समजूत. पोरानं दुकानाच्या दारात चौकटीला लागून उभं राहायचं, आबांनी मशीनवरूनच एकदा बघायचं. "निम्म्याच्या वर चार बोटं," असं पुटपुटायचं आणि कापडाला कात्री लावायची. गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश त्या दाराच्या मापानं झाले. माझेसुद्धा.

आता आबा ऐंशीच्या पुढं आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. एमआयडीसीतल्या परप्रांतीय पोरांच्या जीन्स आखूड करणं, चेन बदलणं, एवढंच काम उरलंय. मागच्या हिवाळ्यात सुई बोटातून आरपार गेली. तेव्हा नानाकाका, माझे चुलते, वैतागून म्हणाले, "आता विहानचा सदरा तेवढा शिवा. नीट बसला तर चालू ठेवा, न्हाई तर मशीन झाकून ठेवायची."

विहान माझा मुलगा, पाच वर्षांचा. मी आबांना म्हटलं, सेंटिमीटरमध्ये मापं पाठवते. ते फोनवरच भडकले. "टेप लावायची न्हाई पोराला. दारात उभं कर." मी व्हिडिओ कॉल लावून विहानला किचनच्या दारात उभं केलं. आबांनी डोळे बारीक करून बघितलं आणि "झालं" म्हणाले.

महिन्याभरानं पार्सल आलं. पांढरा सदरा, बारीक टीप, हातानं केलेली काजं. विहानला तो पोटाच्या वरच अडकला. दोन वर्षांनी लहान मुलाचा वाटावा इतका आखूड. मी पलंगावर बसून रडले. सदऱ्यासाठी की मशीनसाठी, माहीत नाही. आबांचा फोन आला, "बसला का गं?" मी म्हटलं, अगदी मापात.

चांगलं केलं की वाईट, तेव्हा ठरवता आलं नाही. चार दिवसांनी काकूनं सांगितलं, आबांनी शाळेच्या गॅदरिंगचे बारा सदरे घेतलेत. विहानचा बसला ना, मग काय, असं म्हणाले. नजर खरंच गेली असेल तर बारा पोरांचे सदरे वाया जाणार, तेही सगळ्या गावासमोर, आणि ते माझ्या एका शब्दावर. मी ताबडतोब व्हिडिओ कॉल लावला. "आबा, कात्री लावली का?"

"दुपारच्याला लावतो. का?"

तोंडानं सांगवेना. मी विहानच्या अंगात तो सदरा कसाबसा चढवला आणि त्याला फोनसमोर उभं केलं. त्यानं हात वर केला आणि काखेतली शिवण टरकन उसवली.

नानाकाका आबांच्या मागं उभे होते. म्हणाले, "बघा आबा. मी काय म्हणत हुतो?"

आबांनी फोन डोळ्यांजवळ धरून उसवलेली काख बघितली. मी खोटं का बोलले, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "रेणू, त्याला तिथंच ऱ्हाऊ दे. तू जा दारात. मागं त्याला उभं केलंतंस तिथंच."

मी किचनच्या दारात उभी राहिले.

"तुज्या डोक्याच्या वर केवढी जागा हाय गं ही? आपल्या दारात तू वाकून येतीस."

"इथं दारं उंच असतात, आबा."

"मग आदी सांगायचं न्हाई व्हय?" ते काकांकडे वळले. "माजी नजर ठीक हाय रं. तिचं दारच थोर हाय." मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"विहानचा दुसरा शिवतो," आबा म्हणाले. "आता दार नगं. मला ठाव असंल असं काय हाय तिथं? त्याच्याशेजारी उभं कर त्याला."

मी खोलीभर बघितलं. टेबल, फ्रिज, सोफा, खिडकी. यातल्या कशाचीच उंची आबांना ठाऊक नव्हती. नऊ वर्षांत गावाकडून आणलेलं काहीच इथं उरलं नव्हतं. मी तशीच गोंधळून उभी राहिले.

"आगं, बघतीस काय आसं?" आबा म्हणाले. "तूच हायस की. पोराला जवळ घे, आन् ताठ उभी ऱ्हा."