न चिरलेली गाठ

टोकावड्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथे कुणाच्या पायात काटा मोडला की त्याला सोमीकडे धाडायचे. तिचा हात हलका. रुतलेला काटा ती बोलता बोलता काढायची, आणि पिकलेलं गळू तापवलेल्या ब्लेडने असं फोडायची की माणसाने ओरडायला तोंड उघडावं तोवर काम आटोपलेलं. "देवाचा हात हाय," ती म्हणायची. खरं सांगायचं तर तिला त्या हाताचा तोराही होता, आणि तो तिला शोभायचा.

बारा वर्षांपूर्वी त्याच हाताने तिने नवऱ्याच्या, चांगोच्या तळहातावरची गाठ चिरली. बांबू फोडताना त्याला कोयत्याचं टोक लागलं होतं. जखम भरली, पण मागे सुपारीएवढी गाठ राहिली. पू धरला असेल, असं समजून सोमीने ब्लेड लावलं. पू नव्हताच. रक्ताची चिळकांडी उडाली आणि जीप टोकावड्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत चांगो गेला. वाडीने बाहेरची बाधा ठरवली, भगताने कोंबडं घेतलं, आणि विषय मिटला. सोमीनेही ते मानलं. न मानून जगायचं कसं? पण त्यानंतर तिने ब्लेडला हात लावला नाही.

आता तशीच गाठ तिच्या मुलाच्या, सुरजच्या तळहातावर आली. ढाब्यावर फुटक्या बाटलीची काच घुसली, त्याला महिना झाला होता. सून दिपाली म्हणाली, "आये, तुमीच फोडा ना. पिकलीय."

सोमीने गाठीवर बोट टेकवलं. गाठ बोटाखाली नाडीसारखी उडत होती. चांगोचीही अशीच उडायची. तिने हात मागे घेतला आणि मुलाला घेऊन मुरबाडची एसटी धरली. वाटभर ती देवाकडे दोनच गोष्टी मागत होती. पोराचा हात वाचू दे, आणि चांगोला झाली ती बाधाच असू दे.

मुरबाडच्या डॉक्टरांनी गाठ बघितली आणि सोनोग्राफीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुरजच्या तळहातावर गार जेल लावून यंत्र फिरवलं. पडद्यावर लाल आणि निळा रंग एकमेकांत घुमायला लागला.

"हे गळू नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "काचेने आतली रक्ताची नळी फाटलीय आणि बाहेर रक्ताची पिशवी धरलीय. ठाण्याला ऑपरेशन करा, हात चांगला राहील. तुम्ही ही चिरली नाहीत, फार शहाणपणा केलात."

सोमीने स्टूल जवळ ओढलं.

"आनि चिरली आसती तर? मानूस जातोच ना?"

तिला 'हो' एवढंच ऐकायचं होतं.

"जातोच असं काही नाही. घट्ट बांधायचं, दाबून धरायचं, हात वर ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. तळहातच तो. वाचतो माणूस."

सुरज जेल पुसत हसला. हसणारच, त्याचा हात वाचला होता. सोमी मात्र स्टुलावरून उठेना. त्या दिवशी तिच्या दिराने, दामूने, पंचा फाडून चांगोचा हात करकचून बांधला होता. रक्त थांबलंही होतं. "वाईट रगत हाय, जाऊ दे सगला," असं म्हणून ती पट्टी सोमीनेच सोडली होती.