मागचा सायकलस्वार

"मी आपला मागचा," असं म्हणत तो पायजमा घोट्याशी गुंडाळून सुतळीनं बांधायचा, शर्यत असो वा नसो.

त्या काळी तुम्ही नाशकात असाल, तर आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या सायकलच्या दुकानात त्याला पाहिलंच असेल. दुकानाचे मालक शर्यतींसाठी पगारी सायकलस्वार ठेवत. पुढचे म्हणजे उस्ताद. त्यांनीच याला सायकल शिकवलेली. मागच्याचं काम एवढंच, की उस्तादांचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं आणि रस्त्याच्या कडेला बसून राहायचं.

संध्याकाळी तो कुणाच्या तरी बैलगाडीतून सायकलसकट परत यायचा. ओट्यावरची मंडळी टपलेलीच असत.

"काय रे, आज बैल पहिले आले का?"

"हो ना काका, त्यांचं काय पंक्चर होत नाय!"

सगळे हसत. खिडकीआड मीही हसे.

वडिलांच्या सांगण्यावरून तो मला परसात सायकल शिकवायचा. माझी शाळा इंग्रजी. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून कुठल्याच भाषेत शब्द फुटत नसे. त्याचं त्याला काही नव्हतं. सीट धरून मागे धावताना तो दोघांचंही बोलणं उरकायचा. "ताई, खाली बघू नका. जमीन कुठं पळून जात नाय."

निफाडला जाऊन नाशकात परत यायच्या शर्यतीआधी त्यानंच सांगितलं, की उस्तादांचे गुडघे गेलेत. या वेळी हरले तर मालक त्यांना काढणार. "पण मी हाय ना मागं."

शर्यतीच्या सकाळी ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, एकदा तरी आपल्या चाकावर घरी ये!" हशा पिकला. तो हसला नाही.

दुपारी तो पहिला आला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. बऱ्याच उशिरानं उस्ताद सायकल ढकलत आले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास, बेटा." त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी परसात तो सीट धरून नुसताच उभा राहिला.

"ताई, सायखेड्याच्या फाट्यावर त्यांनी चाकासाठी हात वर केला होता. मला दिसला होता."

मी हँडलकडे बघत राहिले. 'तुमची चूक नाही' म्हणावं, तर ते खरं नव्हतं. 'आमचीही आहे' म्हणायचा धीर नव्हता.

उस्तादांसाठी तो मालकांच्या पाया पडला. "मी जिंकणारा ठेवतो," मालक म्हणाले. उस्ताद सायखेड्याला लेकीकडे गेले. ओट्यावरची मंडळी याला आता 'पैलवान' म्हणू लागली.

पुढच्या शर्यतीला आम्ही हार घेऊन उभे होतो. दुकानाचा दुसरा, नवा सायकलस्वार एकटाच धापा टाकत आला. "फाट्यावर उतरला तो. सायकल बाभळीला टेकवली न् पायीच निघाला सायखेड्याकडं."

हार कुणाला घालावा, हे कुणाला सुचेना.

तो परत आला नाही. 'एकदा जाऊन बघायला हवं,' असं ओट्यावर बरेच दिवस बोलणं व्हायचं. सायखेडा तसं काही फार लांब नव्हतं.