चौथा चौकोन

दहावीच्या वर्गात दरवर्षी एकदा मी फळ्यावर चार चौकोन काढते. वर आईची दोन जनुकं, बाजूला बापाची दोन. दोघांचंही एक चांगलं, एक बिघडलेलं. पहिल्या चौकोनात दोन्ही चांगली. दुसऱ्या-तिसऱ्यात एकेक बिघडलेलं. ते नुसते वाहक, त्यांना सहसा काही होत नाही. चौथ्यात दोन्ही बिघडलेली. मुलं उतरवून घेतात आणि विचारतात, "मॅडम, हे परीक्षेत येते का?" येतं बाबांनो. चौथा चौकोन तुमच्यासमोर खडू घेऊन उभा आहे, हे काही मी त्यांना सांगत नाही.

मला सिकलसेल आहे. डीएनए म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ; शरीरात काय कसं बनवायचं ते तिच्यात लिहिलेलं. रक्तातलं हिमोग्लोबिन जिथे लिहिलंय, तिथे आमच्या कुण्या पूर्वजाचं एक अक्षर बदललं. एकच. त्यालाच उत्परिवर्तन म्हणतात. तेवढ्यानं माझ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. आदिलाबादच्या थंडीत लोक शेकोटीभोवती गप्पा मारतात, मी हाडं धरून ओरडते. असलं एकच जनुक असेल तर मलेरिया तितका जीवघेणा होत नाही, म्हणून या जंगलपट्ट्यात ते टिकलं. पूर्वज तापातून वाचले आणि भोगणं माझ्या वाट्याला आलं. राग येतो, पण कुणावर काढणार?

आम्ही बौद्ध. लग्नात पत्रिका पाहत नाही, याचा घरात मोठा अभिमान. ग्रह, गुण सगळं सोडलं; फक्त "घर पाहण्यातलं असावं" एवढं धरून ठेवलं. पाहण्यातलं घर म्हणजे मामाचं, नाहीतर आत्याचं. मायनं आपल्याच आतेभावाशी लग्न केलं आणि पहिली मी झाले. धाकट्या भावाला एकच बिघडलेलं जनुक मिळालं. तो ठणठणीत आहे, बँकेत नोकरीला आहे. माझ्या लग्नाचा विषयच कधी निघाला नाही. त्याचं मात्र तलमडुगूच्या मामाच्या मुलीशी लहानपणापासून ठरलेलं. ठरलं नसतं तरी त्यानं तिच्याशीच केलं असतं. ती होतीच तशी. मला दुखायला लागलं की न सांगता गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची.

मीच हट्टानं दोघांचं रक्त तपासायला लावलं. तीही वाहक निघाली.

मामाच्या ओसरीत सगळे बसलो. फरशीवर खडूनं मी तेच चार चौकोन काढून दाखवले. मामानं चौथ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"म्हंजे चारातलं एक ना? मंग तीन लेकरं होऊ द्या आन् थांबा."

"मामा, दर खेपेले चारी चौकोन नव्यानं असतेत. पयलंच लेकरू चौथ्यात पडू शकते. मी पडली ना."

माय सरकून माझ्याजवळ आली. "नको बाप्पा," ती म्हणाली, "हे लगन नको. लेकरू कसं वरडते ते म्या पाह्यलं हाय. एक पुरे झालं." आणि बोलता बोलता सवयीनं माझा गुडघा चोळायला लागली. ती चुकत नव्हती, हेच तर वाईट. मी स्वतः तेच सांगायला आले होते. तरी रडू आलं. इतक्या मायेनं कुणी बोललं तर भांडायचं कुणाशी?

मग भाऊ बोलला. बिचारा तयारी करून आला होता.

"ताई, मी डॉक्टरले इचारून आलो. हैदराबादले लेकरू पोटातच तपासतेत. लवकर समजते. तसं निघालं तर..."

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दारात उभी असलेली मामाची मुलगीही खाली पाहू लागली.

"तर पाडाचं," मी म्हटलं. "बोल ना. काऊन थांबला?"

माझा वर्गातला आवाज लागला होता. उपाय खरंच चांगला होता. कुणी विचारलं तर मीही तोच सांगते. पण वाक्य तसंच सोडून तो उठून गाडी काढायला गेला.

घरी आल्यावर त्यानं मामाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात ती लग्न होऊन मंचेरियलला गेली. त्या मुलाची पत्रिका कुणी पाहिली नाही, रक्तही नाही. भावानं अजून लग्न केलेलं नाही. लोक म्हणतात, शिकलेल्या बहिणीनं समजावलं म्हणून पोरगा शहाणा झाला.

समजावण्याचा काही संबंध नाही. त्या दिवशी मी ओसरीत नसते, तर त्यानं ते वाक्य पुरं केलं असतं आणि आज ती या घरात असती.