बाबांचं बटण

कॉम्प्युटरला जोडलेली एखादी वस्तू अचानक सुटली, की तो एक बारीक आवाज करतो. दोन सूर, त्यातला दुसरा खाली उतरणारा. आमच्या ऑफिसात तो आवाज कुणाच्याही टेबलावरून आला, की अजूनही माझे तळहात गार पडतात.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. गंगापूरची गाडी, सोयगावची गाडी, सणासुदीला दारात लोंबकळणारी माणसं, आणि त्या सगळ्या गोंगाटावरून मागच्या सीटपर्यंत पोचणारा त्यांचा आवाज. घरातही ते हळू बोलत नसत. आई म्हणायची, "अहो, मी काय गाडीच्या टपावर बसलेय का?"

रिटायर झाल्यावर त्यांच्या हातातून आधी पेला निसटायला लागला. मग चप्पल. मग पाय उचलेनात. घाटी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि पुढचं सगळं सावकाश, समजावून सांगितलं. ते म्हणाले तसंच होत गेलं. शेवटी जीभही जड झाली, आणि ज्या माणसाचा आवाज अख्ख्या स्टँडवर ऐकू जायचा, तो आमच्याकडं नुसता बघत राहिला. डोक्यात सगळं शाबूत होतं. त्यामुळंच ते बघणं सोसत नसे.

उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलायचा. माझ्या ओळखीतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक मोठं, चपटं बटण आणून दिलं. ते कॉम्प्युटरला जोडायचं. स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत जातात. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतली अक्षरं उजळतात, पुन्हा दाबायचं. असं एकेक अक्षर जमवून शब्द होतो, आणि स्पीकरमधून एक परका, गुळगुळीत आवाज तो शब्द बोलून दाखवतो. बाबांनी पहिल्यांदा जमवलेला शब्द होता, 'चहा'. त्यांना चहा पिता येत नव्हता. आई पदराला डोळे पुसत हसली होती.

कॉम्प्युटर माझ्या कॉलेजच्या काळातला. पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट कधीचे मेलेले, मागचे दोनच चालू. कीबोर्ड जुना, गोल पिनेचा, त्याची सोय वेगळी होती. पण माऊस, स्पीकर आणि बटण, तीन वस्तू झाल्या, जागा दोन. शिवाय बटणाची वायर आखूड, पलंगापर्यंत पोचेना. म्हणून मी औरंगपुऱ्यात जाऊन हब आणला. एक वायर कॉम्प्युटरला लावायची, दुसऱ्या टोकाला चार वस्तू लावायच्या.

दुकानदार चांगला माणूस. म्हणाला, "ताई, कॉम्प्युटर पुराना आहे ना? मग अ‍ॅडॉप्टरवाला हब घ्या. त्याला करंट वेगळा मिळतो. हा साधा सगळ्यांना पुरणार नाय."

"मग तोच द्या."

"आज नाही. पुढल्या हफ्त्यात मागवतो."

पुढल्या हफ्त्यापर्यंत बाबांना गप्प ठेवणं मला शक्य नव्हतं. मी साधाच घेतला. बरं, तो चाललाही. इतका बरा चालला, की अ‍ॅडॉप्टरवाल्याचं कुणाला आठवलंच नाही.

मग पुण्याच्या बहिणीनं कॅमेरा पाठवला, तिला बाबांना रोज बघायचं होतं म्हणून. तोही त्याच हबला लावला. त्या आठवड्यापासून तो आवाज सुरू झाला.

बाबा काहीतरी लिहीत असायचे. स्पीकर म्हणायचा, 'मला', आणि लगेच ते दोन सूर. बटण मेलं. बाबा दाबतायत, ओळी आपल्या उजळतायत, काहीच निवडलं जात नाही. मी मोबाईलचा उजेड पाडून टेबलाखाली शिरायची, हब काढून पुन्हा लावायची. चालू झाल्यावर बाबा वाक्य पुरं करायचे. 'मला कूस बदलून दे', एवढंच असायचं. पण त्या मधल्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन जायचं. श्वास अडकला असेल तर? आत्ताच, मी इथं खाली वाकलेली असताना?

आई कॉम्प्युटरला हात लावायला भ्यायची. तिला मी एकच गोष्ट शिकवली, हब उपसायचा आणि परत खोचायचा. कुठं खोचायचा ते कळावं म्हणून पोर्टाशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका काढून दिला. मी ऑफिसात असताना तिचा फोन आला, की नाव बघूनच मी पर्स उचलून उभी राहायची. आणि नाही आला, तर मीच लावायची.

त्या शनिवारी मला अर्धा दिवस होता. एप्रिल संपत आलेला. रिक्षातून उतरले तेव्हा कॉलनीत चिटपाखरू नव्हतं, गेटची कडी हाताला चटका देत होती. दार नुसतं लोटलेलं. आत गेले तर पंखा नुकताच गरगरायला लागला होता. म्हणजे लाईट गेलेली होती आणि आत्ता आलेली. कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल असं मी करून ठेवलं होतं. स्क्रीनवर ओळी उजळत होत्या.

"आई!" मी हाक मारली. उत्तर नाही. तिचा फोन टीव्हीपाशी पडलेला. मला वाटलं, शेजारच्या खालांकडं विरजण आणायला गेली असेल.

बाबांकडं बघितलं आणि माझी पर्स खांद्यावरून गळाली.

बनियन घामानं चिकटलेलं. चेहरा लालबुंद. अंगठा बटणावर आपटत होता. दाबत नव्हता, आपटत होता. असा जोर त्या अंगठ्यात उरलाय हे मला माहीत नव्हतं. स्क्रीनवर कोपऱ्यात चौकट आलेली, जोडलेली वस्तू ओळखता येत नाही म्हणून.

"बाबा, काय होतंय? श्वास लागतोय का?"

आमची एक खूण होती. सावकाश डोळे मिटले म्हणजे हो, बाजूला बघितलं म्हणजे नाही. पण डोळ्यांत घाम उतरला होता, ते सारखे मिटत होते, उघडत होते. मी टॉवेलानं पुसलं. तरी तेच.

"पाणी? दुखतंय कुठं? छातीत?"

डोळे वर गेले. मी वर बघितलं. पंखा. पंखा वाढवला. डोळे पुन्हा वर. आता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि घशातून असा आवाज आला, जो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, हे जातायत. माझ्यासमोर जातायत, आणि शेवटचं काहीतरी सांगायचंय, आणि मला ते कळत नाहीये.

मी टेबलाखाली घुसले. हब काढला, लावला. तीच चौकट. पुन्हा काढला. हब हाताला गरम लागला. कॅमेरा उपटला, स्पीकर उपटला, एकटं बटण ठेवलं. नाही. हबवरचा दिवासुद्धा लागेना. लाईट येता-जाता जो झटका बसला असेल, त्यात तो गेला होता.

मग सुचलं, की बटण थेट लावावं. पण वायर पोचत नव्हती. वीतभर कमी पडत होती. मी बटण ओढून पाहिलं, तसा बाबांचा अंगठा अधांतरी राहिला आणि ते माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी त्यांचं तोंडच दाबून धरलंय. मी म्हणाले, "थांबा, थांबा हो बाबा," आणि सीपीयू दोन्ही हातांनी उचलला, मागच्या वायरी ताणत, आणि पलंगाच्या कडेला, त्यांच्या मांडीला टेकवून ठेवला. तो एका हातानं धरून दुसऱ्या हातानं चाचपत लाल ठिपक्यापाशी बटणाची पिन खोचायला गेले. ती उलटीच लागत होती. फिरवली. पुन्हा फिरवली. बसली.

या वेळी स्क्रीनवरची चौकट गेली.

बटण अंगठ्याखाली सरकवलं. स्पीकर नव्हता, त्यामुळं खोलीत पंख्याशिवाय आवाज नाही. ओळी उजळत खाली येत होत्या, नेहमीच्याच वेगानं, आणि तो वेग वाढवावा हे मला तेव्हा सुचलंही नाही. बाबांनी दाबलं.

'ग'.

खाली सुचवलेले शब्द आले, गरम, गोळी, गादी. "गरम होतंय का?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. स्क्रीनवर नजर रोवलेली. ओळ आली, गेली. हुकली. पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतःचं मनगट चावत उभी होते.

'गच'.

मला कळायला तेवढं पुरलं. वर गेलेले डोळे पंख्याकडं नव्हते, गच्चीकडं होते.

जिना कसा चढले आठवत नाही. चप्पल घातली नव्हती हे पायाला फोड आल्यावर कळलं. आई पाण्याच्या टाकीपाशी कुशीवर पडली होती. प्लॅस्टिकच्या कागदावर कुरडया अर्ध्या घातलेल्या, सोऱ्या लांब जाऊन पडलेला. एक पाय विचित्र वळलेला. अंग तापलेल्या तव्यासारखं. ओठांवर पापुद्रा आलेला. "आई, आई गं," म्हटलं, तर पापणी हलली, एवढंच.

मी कठड्यावरून ओरडले. माझा आवाज बाबांवर गेलाय असं लोक म्हणायचे, तो त्या दिवशी कामी आला. खाला धावत आल्या, त्यांचा मुलगा आला, पलीकडचे रिक्षावाले काका जेवणावरून उठून आले. आईला चादरीत घालून खाली आणलं. खाला ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होत्या आणि मला म्हणत होत्या, "बेटी, तू माँ के साथ जा. मी बसते इथं भाईजानपाशी. जा!"

दाराशी बाबांना आई दिसावी म्हणून मी चादर जरा थांबवली. "जिवंत आहे बाबा," म्हणाले. त्यांनी सावकाश डोळे मिटले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. उन्हाचा त्रास वेगळा. डॉक्टर म्हणाले, आणखी वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. दोन दिवस ती काहीबाही बरळत होती, आणि मी कॉरिडॉरमधल्या बाकड्यावर बसून घरी फोन करत होते. इकडं आई, तिकडं बाबा. मी घरी गेले की हॉस्पिटलची भीती, हॉस्पिटलात असले की घराची. बहीण पुण्याहून आली तेव्हा कुठं मला एक पूर्ण झोप मिळाली.

नवा हब अ‍ॅडॉप्टरचा आणला, त्याला आणि कॉम्प्युटरला बॅटरीची सोय केली. कॅमेरा काढून टाकला. नवीन हब लावून दिला त्या संध्याकाळी बाबांना म्हणाले, "बोला आता."

ते दोन-तीन संध्याकाळी त्या शनिवारचंच लिहीत होते, जमेल तसं. वर धप्प आवाज आला. मग लाईट गेली. आई हाक मारत होती, 'अहो, अहो'. स्क्रीन काळी होती तरी ते बटण दाबत होते. मग हाक थांबली. शेवटचं वाक्य स्पीकरच्या त्या गुळगुळीत आवाजात आलं, आणि मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

'ती बोलवत होती. मी ओ देत होतो.'

आई घरी आल्यावर मी तिला हे सांगितलं. ती वॉकरला धरून उभी होती, वैतागलेली. "मी कशाला हाका मारू यांना? मला काय माहीत नाय व्हय, यांना उठता येत नाय ते?" तिला खरंच काही आठवत नव्हतं. बाबांनी तिच्याकडं बघितलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं पापड्यांसाठी साबुदाणा भिजत घातला. मला वास लागला तसा मी गच्चीची किल्ली कपाटात टाकली. तिनं ती शोधली. एका हातात काठी, दुसऱ्यानं कठडा धरून, पायरीपायरीनं ती वर निघाली, आणि मी मागून तिचा पदर धरून, "आई, मी घालते ना, तू नुसती सांग," म्हणत राहिले. ती ऐकेना. माझा आवाज चढला. 

खालून, उघड्या दारातून, स्पीकर बोलला, "जाऊ दे तिला."

मी पदर सोडला. ती वर गेली. मी जिन्यातच बसून राहिले, तिच्या काठीचा टकटक आवाज ऐकत.