मी यांचं झाड तोडलं

गावात काही जण मला अजूनही झाडतोडी म्हणतात. म्हणू देत. साताऱ्याकडच्या एका सरकारी रोपवाटिकेत आणि डोंगरावरच्या लागवडीत मी उभी हयात घालवली, शेवटी मुकादम झाले. जितकी रोपं या हातांनी लावली तितकी या गावाने डोळ्यांनी बघितली नसतील. तेव्हा झाडांबद्दल मला कुणी शहाणपण शिकवू नये.

आमचं गाव म्हसवडच्या अलीकडे. इथे कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर राख नदीत सोडत नाहीत. नदीला पाणी असतंच कधी? माळावर खड्ड्यात राख टाकायची आणि वर कडुनिंबाचं रोप लावायचं. ही पद्धत सुरू झाली तेव्हा पंधरा-पंधरा फुटांवर खड्डे मीच आखून दिले होते. दोरी, फक्की, सगळं रीतसर.

आणि ती शिस्त पहिल्यांदा मोडली तीही मीच. त्याच वर्षी आधी सासूबाई गेल्या, मग चार महिन्यांत हे गेले. पलटणीत असतानाही पत्र लिहायचे ते आईला. मी यांचं रोप आखलेल्या दोन खड्ड्यांच्या मधे, सासूबाईंच्या रोपाला खेटून लावलं. मुकादमीणबाईंनीच असं केल्यावर बाकीच्यांना कोण अडवणार? थोरल्याशेजारी धाकटा हवा, सासऱ्याच्या पायाशी सून हवी. प्रत्येक भावकीने आपापला पुंजका केला. पाच पाच फुटांवर झाडं झाली.

पहिली चार-पाच वर्षं दाट लागवड झकास दिसते. रोपं लहान असतात, ऊन सगळ्यांना पुरतं, एकमेकांचा आडोसा होतो. लोक फोटो काढून शिरवळ-पुण्याच्या पोरांना पाठवायचे. पुढे फांद्या एकमेकींना भिडल्या आणि खाली मुळांची पाण्यावरून मारामारी सुरू झाली. झाडं उन्हासाठी नुसती वर वर गेली, जाड होईनात. मी दर दिवाळीनंतर छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचे. दोन वर्षं टेप जागचा हलला नाही. दहा वर्षांचा कडुनिंब आणि खोड माझ्या मनगटाएवढं! मग शेंडे वाळायला लागले. असंच चाललं असतं तर एखाद्या कोरड्या सालात अख्खी राई गेली असती.

फक्त ओढ्याकडची पाच झाडं मांडीएवढी झाली होती. ती बौद्धवाड्याची. त्यांना गावाने कडेची मुरमाड जागा दिली होती, आणि ती का दिली हे मला चांगलं ठाऊक आहे. तिथल्या निवृत्त गुरुजींनी माझी आखणी शेवटपर्यंत पाळली. त्यांच्या झाडांकडे बोट दाखवलं की गाव म्हणायचं, "तिकडं माती चांगली हाय." मुरमाला चांगली माती म्हणायचं, पण आपली चूक कबूल करायची नाही! मला त्या बोलण्याचा संताप यायचा.

ग्रामसभेत मी उभी राहिले आणि सांगितलं, विरळणी करा. एक झाड ठेवा, एक काढा, नाहीतर सगळी जातील. एकच गलका झाला. शेवटी ठरलं, ज्याच्या घरचं झाड त्याने बघावं. म्हणजे कुणीच काही करायचं नाही. तेवढ्यात माझे धाकटे दीर उठले. "वैनी, लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आमच्या दादाचं झाड तोडाल का?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी या."

सकाळी मी करवत घेऊन गेले. दीर आधीच येऊन झाडाला पाठ लावून उभे होते. म्हणाले, "आवं, एक काढायचंच तर आईचं काढा. दादाचं ऱ्हाऊ द्या."

मोहात पडण्यासारखीच गोष्ट होती. सासूबाईंचं आणि माझं जन्मात पटलं नाही. पण त्यांचं झाड सरळ होतं, जोमाचं होतं. यांचं दबलेलं, वाकडं, शेंड्याला वाळलेलं. चांगलं ठेवायचं आणि दबलेलं काढायचं, हे मी शेकडो मजुरांना शिकवलं होतं. माझ्या घरचं आलं म्हणून नियम बदलू?

"भावजी, सरका," मी म्हटलं. "तुमचा दादा ह्या लाकडात न्हाई. असला तर लय उपाशी हाय."

ते सरकले. मी कापलं. कडू वास सुटला. बुंध्याच्या कापावर अंधुक वर्तुळं दिसत होती. आतली ज्वारीच्या दाण्याएवढी रुंद, बाहेरची दोऱ्यासारखी. मी दिरांचं बोट धरून त्यावरून फिरवलं. मी तिथेच बसून रडले, भरपूर रडले. ते मी कुणापासून लपवलेलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर सासूबाईंच्या झाडाचा घेर दोन बोटं वाढला. आठवड्याने दीर कोयता घेऊन दारात उभे. "वैनी, आमच्यातलं कुठलं काढू, दावा." भावकीतली चार काढली. मग आणखी दोन घरं आली. निम्मं गाव अजून माझ्याशी बोलत नाही.

परवा मुलगा शिरवळहून आला होता. दीर त्याला माळ दाखवत होते. यांच्या मोकळ्या जागेशी थांबून मायेने म्हणाले, "ही जागा तुज्या आईला ठिवलीया." मुलाने मान डोलावली. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला गहिवरून यावं.

मला तिडीक आली. एवढं रडून मोकळी केलेली जागा, ती पुन्हा भरायला निघाले!

"हितं काय बी लावायचं न्हाई," मी म्हटलं. "माझी राख तुझ्या आजीच्या झाडाला घाला. तिचं करत आले, अजून थोडं करीन. पण माझ्या नावानं रोप लावलंत, तर मी मेलेली उठून येऊन उपटीन."